लॉकरवरची फुलं

सिग्ने शाळेच्या बाजूच्या दारातून आत गेली, तरी आर्डिसने गाडी चालूच ठेवली. आपली नात परत येऊ नये म्हणून ती देवाला आळवत होती, आणि आलीच तर गारठू नये म्हणून हीटर लावून बसली होती.

ठरलं होतं ते सगळं साधं होतं. मोठ्या दारातून जायचं नाही, शाळेच्या स्वयंपाकघराजवळच्या दारातून जायचं. दुपारपर्यंतच थांबायचं. जीव घाबरला तर कुणालाही न विचारता वर्गातून उठायचं आणि समुपदेशक पेल्टो सरांच्या खोलीत जाऊन बसायचं. मनोरुग्णांच्या वॉर्डातून सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "शाळेत रुळली तर निम्मं काम झालं. पुन्हा खोलीचं दार लावून बसली, तर मात्र वाट बघू नका. इकडे घेऊन या." त्या 'इकडे'ने आर्डिसची झोप उडाली होती.

आर्डिसच्या लहानपणी तिचा थोरला भाऊ ऑर्विल असाच परतला होता, सरकारी वेड्यांच्या इस्पितळातून. लोखंडाच्या खाणी तेव्हा जोरात चालत. गावात कुणी चकार शब्द काढला नाही. इथला सभ्यपणा तो असा. कुणाचा पाय मोडला की शेजारणी खिमा-बटाट्याची गरम भांडी घेऊन दारात हजर. ऑर्विलसाठी एकही भांडं आलं नाही. शाळेत त्याच्या बाकाकडे कुणी मान वळवली नाही. जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला तो थेट गोठ्यात जाऊन बसला, आणि म्हातारा होईतो तिथेच राहिला. गाईंशी मात्र तासन् तास बोलायचा. छोटी आर्डिस फळीआडून ऐकायची.

शाळेचं दार धाडकन उघडलं. सिग्ने बर्फातून धावत आली, अंगात कोटही नव्हता. एक बूट मागेच राहिला. जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून नाड्या वॉर्डात काढून घेतल्या होत्या, आणि घरी आल्यावर तिने त्या पुन्हा ओवूच दिल्या नव्हत्या. ती मागच्या सीटवर कोसळली.

"आजी, चल. गाडी काढ."

"काय झालं ग?"

"माझं लॉकर ट्रेंटसारखं केलंय त्यांनी."

गेल्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटून शाळेतला ट्रेंट बुडून गेला. पोरांनी त्याच्या लॉकरवर फुलं, कागदी बदाम आणि चिठ्ठ्या लावल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्या काढायला कुणाचा हात धजला नाही.

"'तुझी आठवण येते' असं लिहिलंय, आजी. मी मेले का ग?" सिग्नेचे दात वाजत होते. "मला परत वॉर्डात सोड. तिथे मला कुणी ओळखत तरी नाही."

पेल्टो सर तिचा कोट घेऊन धापा टाकत आले. "आर्डिस, मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"ते राहू द्या. इथे उभे राहा. हिच्यावरची नजर हलवू नका."

आर्डिस आत गेली. लॉकरपाशी ब्रिटा, बर्फावरच्या हॉकीच्या संघातली सिग्नेची जिवाची मैत्रीण, रडत रडत कागद ओरबाडत होती.

"आर्डिस आजी, मॅचच्या आधी आम्ही सगळ्यांचंच लॉकर सजवतो ना! तसंच केलं. माझ्या डोक्यातच आलं नाही…"

"अगं, एकदा तिला विचारायचं तरी!"

"कसं विचारू? सगळे म्हणाले, तिला काही म्हणजे काही विचारायचं नाही."

आर्डिसचा राग तिथेच विझला. हे तर तेच गप्प राहणं, ऑर्विलच्या वेळचं. वरून फुलं लावली होती इतकंच.

"आता मी काय करू?" ब्रिटाने विचारलं.

"मला तरी कुठे माहीत, बाळ? चल, गाडीत बस तिच्याजवळ. मिठी मारू नकोस. रडू तर मुळीच नकोस."

"मग बोलू काय?"

"दिसेल ते."

वाटेत ब्रिटाने बर्फातला बूट उचलला आणि गुडघ्यावर आपटून झटकला. सिग्नेशेजारी बसून तो उलटसुलट करून पाहिला.

"नाडी कुठाय?"

पुढच्या सीटवर बसलेल्या आर्डिसने आरशातून मागे पाहिलं.

"काढून घेतात तिथे," सिग्ने खिडकीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांच्या."

"का?"

"का ते तुला माहितीय."

ब्रिटाने मान डोलावली. बुटाच्या रिकाम्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग ती म्हणाली, "माझ्या स्केट्सची जादा नाडी आहे बॅगेत. पण वास मारते."

"तुझं सगळंच वास मारतं."

शाळेची घंटा झाली. ब्रिटा हलली नाही.

"उशीर होईल तुला," सिग्ने म्हणाली.

"तुलाही."

सिग्नेने बूट घेतला, पण पायात घातला नाही. मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरला. बाहेर पेल्टो सर थंडीने पाय आपटत उभे होते. फाटकातून उजवीकडचा रस्ता हॉस्पिटलाकडे जात होता आणि डावीकडचा घरी, सिग्नेच्या बंद खोलीकडे. आर्डिसचा हात गिअरवर होता. तिने गाडी काढली नाही. मागे कोण आधी बोलतं, ते ती ऐकत राहिली, लहानपणी गोठ्याच्या फळीआडून ऐकायची तशी.