वायुवटीच्या राखेखाली

मोर्शीच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. वजनकाट्यापुढे बायकांची रांग लागलेली आणि काट्यामागे गादीवर पवनानंद महाराज बसलेले. हार-फुलं विकणाऱ्या पार्बताबाई काट्यावर चढल्या, तशा सगळ्यांच्या माना उंचावल्या.

"एक्क्याऐंशी!" चेल्यानं आरोळी ठोकली. "दोन हप्त्यांमागं सत्त्याऐंशी होत्या!"

"महाराज की जय!"

"चरबी म्हणजे मागच्या जन्मीचं पाप!" महाराजांनी काळ्या राखेत घोळलेली गोळी उंच धरली. "ही वायुवटी पोटात गेली, की पापाचा धूर होऊन श्वासावाटे निघून जातो."

"मंग महाराज, तुमचं पोट?" मागून कोणीतरी विचारलं.

"भक्तांची चरबी आम्ही अंगावर घेतो, बाई! हे पोट नाही, ही करुणा आहे."

यावरही टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात पार्बताबाईंच्या. गुडघेदुखीपायी त्या इथे आल्या होत्या, आणि आता इतक्या हरखल्या होत्या, की बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या मैनाबाईंनाही धरून घेऊन आल्या होत्या. मैनाबाईंना रक्तदाबाचा त्रास. "बीपीची गोळी बंद करा, उद्या सकाळपासून ही घ्या," असं महाराजांनी सांगितलं आणि त्यांनी पुडी पदरात बांधली.

घरी मात्र पार्बताबाईंचे यजमान नत्थुजी टेकीला आले होते. बायकोला भूक नाही, झोप नाही. घासलेली भांडी ती पुन्हा घासायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तर तिनं बकरीला साबण लावला.

"काहून वं, आता मले बी घासतं का?"

"अंगात शक्ती येऊन राहिली ना जी!" असं म्हणता म्हणताच पार्बताबाईंच्या छातीत धडधड सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या बकरीच्या गळ्यातच पडल्या.

नत्थुजींनी ऑटो करून दवाखाना गाठला. डॉक्टर वर्षालीनं नाडी धरली.

"बसल्या जागी एकशे चाळीस! मावशी, काय खाल्लं?"

"देवाचं."

"दाखवा बरं देवाचं."

पार्बताबाईंनी कनवटीची पुडी काढली. वर्षालीनं ओल्या कापसानं गोळी पुसली. काळी राख निघाली आणि खाली गुलाबी, गुळगुळीत गोळी चमकली. मधोमध रेघ, बाजूला छापलेला आकडा.

"देव कधीपासून गोळीवर नंबर छापाले लागला, मावशी?"

पार्बताबाई पाहतच राहिल्या. "मंग माह्यं वजन कसं उतरलं?"

"दोन हप्ते धड जेवल्या का तुमी? हे भूक मारणारं उत्तेजक औषध दिसते. नेमकं कोणतं, ते तपासणीत कळन. चाबूक मारून बैल पळवावा, तसं हे हृदयाले पळवते. रक्तदाब चढते, झोप उडते. एखाद्याची मेंदूतली नस फुटते. बीपीवाल्यानं त याले हातच लावू नये."

"अगं माय, मैना!" पार्बताबाई छातीवर लावलेल्या ईसीजीच्या तारांसकट उठून बसल्या. नत्थुजींचा फोन हिसकावला. "मैना, तोंडात काय असन ते थुक!"

"चहा हाय वं."

"चहा पी! वायुवटी खाऊ नको. अन् बीपीची गोळी आत्ता घे!"

"महाराजानं त..."

"महाराजाले काय कळते? मी दवाखान्यात पडून हावो!"

मैनाबाईंनी पुडी अजून उघडलीच नव्हती. ते ऐकून पार्बताबाई रडल्या आणि मग वर्षालीनं सांगितलं तशा गप पडून राहिल्या.

पुढच्या दरबाराला त्या पाण्याची वाटी घेऊन गेल्या. सोबत वर्षाली आणि औषध निरीक्षक. सगळ्यांसमोर त्यांनी पाच वायुवट्या वाटीत टाकल्या, बोटानं चोळल्या. पाणी काळं झालं, गोळ्या गुलाबी.

"घ्या महाराज, आमच्यासमोर खा."

"आज आमचा उपास आहे," असं म्हणत महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथे पोलीस उभे होते.

महिन्याभरानं तपासणीचा अहवाल आला. हृदयाला धोका म्हणून बंदी घातलेलं औषध त्या गोळ्यांत होतं. बाजारातल्या बायका पार्बताबाईंभोवती जमल्या, तेव्हा त्यांनी हार ओवता ओवताच सांगितलं, "बायाहो, वजन कमी करायचं त करा. चाला, पोटभर पण मोजून जेवा, डॉक्टरले विचारा. कोणी गोळी देते, तवा आधी एकच विचारा, हिच्यात काय हाय? ज्याले सांगता येत नाही, त्याची गोळी त्यालेच वापस करा."