बिनलेबलाची बरणी

वसईतल्या पापडी गावात एकाला शिंक आली की सारं गाव रुमाल घेऊन धावतं. मग प्रिस्का टीचरच्या तोंडावर लाल चट्टे उठले, त्यांचे पापुद्रे सुटायला लागले, तेव्हा गाव गप्प बसेल होय! जो तो वैद्य. एकीने कडुनिंबाचा पाला आणून दिला. दुसरी म्हणाली, पिकलं केळं कुस्करून फास. तिसरी म्हणाली, बोंबील बंद कर. ऐका! वसईत राहून बोंबील बंद करायचे, तर जगायचं कशावर? आणि शेजारच्या पॉलिनने तर थेट निकालच दिला, "पोरगा फादर होतोय ना, कुणाची तरी दृष्ट लागलीय."

"दृष्ट लागायला माझं तोंड म्हणजे काय नवी कोरी गाडी आहे?" प्रिस्का फणकारली.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली होती. अडाण्यांचे सल्ले ऐकून घ्यायला तिच्याकडे वेळ नव्हता. पण काळजी मात्र खरी होती. नाताळच्या आधी ॲन्सेल्मची, तिच्या एकुलत्या एका लेकाची, गुरुदीक्षा होती. नव्या फादरचा झगा हातात घेऊन आईबापांनी देवळात वेदीपर्यंत चालत जायचं. बिशप समोर, गाव मागे, कॅमेरे दोन्ही बाजूंना. ज्या दिवसासाठी तिने इतकी वर्षं गुडघे टेकले, त्या दिवशी लोक पोराकडे बघणार की आईच्या सोललेल्या थोबाडाकडे? या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडलं की गाल आणखी झोंबायचे.

साऱ्या गावात तिचा विश्वास एकाच बाईवर होता. कार्मिनबाय, तिची थोरली नणंद. कार्मिनबाय कुवेतला इस्पितळात होती. इस्पितळात म्हणजे कपडे धुण्याच्या खात्यात, पण हे कोण विचारतो? परत आली ती निम्मी डॉक्टर होऊनच. तिची एक पांढरी क्रीम होती. बरणीत भरून ती घरातल्या आल्तारावर मरियामातेच्या पायाशी ठेवायची आणि घराण्यात लग्न निघालं की नवरीला द्यायची. दोन दिवसांत गाल असे चकाकायचे की नवरा सोडून लोक नवरीच्या आईला विचारायचे, काय लावलं गं?

मागच्या थंडीत प्रिस्काच्या नाकाच्या कडेला जरासा कोंडा सुटला, तेव्हा कार्मिनबायने तिलाही बरणी दिली. दोन दिवसांत कातडी लोण्यासारखी! मग काय, रोज सकाळ-संध्याकाळ. काही महिन्यांनी गाल लाल व्हायला लागले. एक दिवस क्रीम चुकली की आग. लावली की थंड. "बघ, औषध कसं लागू पडतंय," कार्मिनबाय म्हणायची, आणि विज्ञानाची टीचर मान डोलवायची.

शेवटी नवरा, स्टॅनी, वाडीतून चिखलाच्या पायांनी आत येऊन म्हणाला, "अगं, लागू पडतंय तर बरं का होत नाही?" बायकोसमोर जन्मात पहिल्यांदाच बोलला असेल. प्रिस्काला राग आला, पण दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरकडे निघाली.

वसई गावात चामडीची डॉक्टर होती ती आगाशीची रीमा, तिचीच जुनी विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत बडबड करून ओरडा खाणारी. ही पोरगी मला काय सांगणार, असं तोंड करूनच टीचर खुर्चीत बसल्या.

रीमाने दिव्याखाली चेहरा नीट पाहिला. "टीचर, तोंडाला काय लावता?"

प्रिस्काने मोठ्या तोऱ्यात पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "कुवेतची आहे."

रीमाने ती गोल फिरवली, उलटी केली. "यावर काही लिहिलेलंच नाही, टीचर."

बस्स, एवढंच म्हणाली. हसली नाही, टोमणा मारला नाही. पण प्रिस्काच्या कानात स्वतःचाच आवाज घुमला. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून दरवर्षी नव्या वर्गावर ओरडायची तो आवाज. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही! मग ती कुणीही देवो! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाल तोंड आणखी लाल झालं.

तिथूनच तिने कार्मिनबायला फोन लावला. "कुवेत सोडून तुला युगं झाली, बाय. क्रीम अजून कुठून येते?"

"अगं, विरारला स्टेशनजवळ मेडिकलात मिळते. सेमच. मी ट्यूब पिळून बरणीत भरते, बरं दिसतं." नाव सांग म्हटल्यावर तिने कुरकुरत ट्यूब शोधून वाचून दाखवलं.

रीमाने मान हलवली. "कडक स्टेरॉइड आहे. मुळात तुम्हाला केसातल्या कोंड्यासारखाच साधा त्रास होता, थोडक्यात मिटला असता. आता आजार ही क्रीमच आहे. आजपासून बंद. पण खोटं सांगत नाही, टीचर, बरं व्हायच्या आधी चेहरा आणखी बिघडेल."

"गुरुदीक्षेपर्यंत?"

"तोवर बरा नाही होणार."

आणि बिघडला! डोळे सुजले, गालांना भेगा पडल्या, हसायची चोरी. गुरुदीक्षेच्या सकाळी कार्मिनबाय जरीच्या साडीत बरणी घेऊन दारात हजर. "आजच्या दिवस लाव गं. फोटो काय रोज निघतात?"

प्रिस्काने झाकण उघडलं. बोट क्रीमला टेकलंसुद्धा. आज लावली तर दुपारपर्यंत आग थंडावेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मनात म्हणाली, देवा, एकच दिवस. मग आरशात बरणीत बोट घातलेली विज्ञानाची टीचर दिसली आणि तिला स्वतःची अशी शिसारी आली की बोट तिने पोलक्यालाच पुसलं.

"घेऊन जा ती," ती म्हणाली. "आणि नवी साडी सांभाळ, मी आता काहीतरी फेकून मारीन."

झगा घेऊन ती वेदीपर्यंत चालत गेली. कुजबुज झाली, तिने ऐकली. ॲन्सेल्मने पहिला आशीर्वाद आईला दिला, डोक्यावर हात ठेवले, आणि त्याचे डोळे भरले. तिचेही भरले, गाल झोंबले, झोंबू दे म्हणाली.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर नव्या फादरचे हात चुंबायला रांग लागली. कार्मिनबायची लेक टिफनी पुढे आली. जानेवारीत तिचं लग्न, गाल चकचकीत. ती मामीजवळ थांबली आणि टक लावून बघतच राहिली.

"मामी, क्रीम एक दिवस राहिली की माझे गाल पेटतात. तुमचं पण असंच सुरू झालेलं?"

"चल गं, रांग खोळंबलीय," मागून कार्मिनबायने ढकललं.

प्रिस्काच्या जिभेवर नणंदेसाठी जपून ठेवलेलं एक झणझणीत वाक्य होतं. पोरीकडे बघून तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "अगदी असंच."

टिफनी वळली. "मम्मी, त्या बरणीत काय आहे?"

कार्मिनबायने तोंड उघडलं, आणि कुवेतचं नावसुद्धा तिला घेता आलं नाही.