खटक्याची शवपेटी

बादशहाने आम्हा वेठीच्या कुळांना माणसांत आणलं, हे मी नाकारत नाही. जमीनदाराच्या परवानगीशिवाय रोझिनाशी लग्न करता आलं ते त्याच्याच फर्मानामुळे. त्या दिवशी त्याच्या नावाने मी गावाला बिअर पाजली होती. म्हणून तर आता जास्त जीव जळतो.

नवं फर्मान आलं. शवपेट्यांत लाकूड वाया जातं, तेव्हा मेलेल्याला उघड्या अंगाने गोणीत शिवायचं, गावाच्या एकाच पेटीतून न्यायचं आणि खड्ड्यावर खटका ओढायचा. तळाची दारं उघडतात, माणूस खाली पडतो, पेटी परत येते. मी गावचा सुतार, म्हणून ती बनवायचं काम सरकारी कारकून पाख्नरने माझ्या गळ्यात मारलं. मीही गाढवासारखं मन लावून ती बनवली. खटका एका बोटाने ओढला जायचा.

पंधरा दिवसांत रोझिना तापाने गेली.

आमच्याकडे पेटीच्या फळ्या रंधताना निघालेले छिलपे मेलेल्याच्या उशीत भरतात. तिच्यासाठी चेरीच्या फळ्या मी कधीच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. तिला एवढी तरी पेटी द्या, म्हणून पाख्नरचे पाय धरले.

"वावर्झिनेट्स, मेलेल्याला काय कळतंय? जरा डोकं चालव. हे तुमच्याच भल्याचं आहे."

"साहेब, आमचं भलं आहे ना? मग आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं."

त्याने दार लावून घेतलं.

खड्ड्यावर त्यानेच खटका ओढला. दारं हलली नाहीत. दोन्ही हातांनी ओढला, तोंड लाल झालं. सकाळीच मी तळाच्या दारांना आतून आठ खिळे ठोकले होते आणि वर छिलप्यांची उशी ठेवली होती. पाद्री आभाळाकडे बघत राहिला. खांदेकऱ्यांनी कुणाला न विचारता पेटीला दोर लावले आणि पेटीसकट माझ्या बायकोला खाली सोडलं.

"नवी बनवायची. लाकूड तुझं," पाख्नर म्हणाला.

बनवली, त्याच चेरीच्या फळ्यांची. खटका चोख बसवला. आत कोपऱ्यात एक हातोडी आणि आठ खिळे ठेवले.

काल पाख्नर पेटी तपासायला आला. त्याची म्हातारी आई आठवडाभरापासून अंथरुणाला खिळली आहे. त्याने खिळे हातात घेतले, एकेक करून मोजले आणि होते तिथेच परत ठेवले.