थांबण्याची जागा

बातम्यांच्या चॅनलवर ती प्रॉम्प्टर चालवायची. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर मजकूर सरकत राहतो, निवेदक तो वाचतो आणि बघणाऱ्यांना वाटतं, काय तोंडपाठ आहे याला! मजकूर किती वेगानं सरकवायचा ते तिच्या हातात होतं. संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या निवेदकांना सगळे दादा म्हणत. दादांचा आवाज खणखणीत, पण जोडाक्षरांची रांग लागली की जीभ अडायची. पुढे 'राष्ट्राध्यक्ष' येतोय असं दिसलं की ती ओळ जराशी रोखून धरायची, दादा श्वास घ्यायचे आणि शब्द सुखरूप पार पडायचा. याची बाहेर कुणाला कुणकुण नव्हती. त्या दोघांनीसुद्धा हा विषय कधी काढला नव्हता.

मग आवाज ऐकून आपोआप मजकूर सरकवणारी यंत्रणा आली आणि तिला घरी बसवलं. दादा हळहळले. पण थोड्याच दिवसांत, वर्षानुवर्षांच्या जुन्या बातम्या कॉम्प्युटरला चारून, चॅनलनं हुबेहूब दुसरे दादा तयार केले. खऱ्या दादांच्या हातात फुलांचा गुच्छ आला.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "टीव्ही लाव. मी बातम्या देतोय. आणि इथं घरी चहा पितोय."

तिनं टीव्ही लावला. शेजारी सासूबाई येऊन बसल्या. पडद्यावरचे दादा घडाघडा वाचत होते. 'राष्ट्राध्यक्ष' यायच्या आधी ते किंचित थांबले, श्वास घेतला आणि पुढे गेले. तीच जागा, तेवढंच थांबणं.

"दमलाय बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तो माणूस नाहीये. कॉम्प्युटर बोलतोय."

"मग दमला कसा?"

फोन अजून कानालाच होता.

"ते माझ्यासारखंच अडतंय का गं?" दादांनी विचारलं.

"अडत नाहीये, दादा. थांबतंय. अडायचात तुम्ही, थांबवायचे मी." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाले, "म्हणजे ते नक्की कोण आहे? मी की तू?"

दुसऱ्या दिवशी ती चॅनलच्या ऑफिसात गेली. जिथं रोज सरळ आत शिरायची, तिथं आता नाव सांगून बसावं लागलं. नवे दादा बनवणाऱ्या इंजिनिअरनं मात्र त्या थांबण्याबद्दल आपुलकीनं ऐकून घेतलं.

"ते थांबणं आम्ही काढून पाहिलं होतं," तो म्हणाला. "पण मग नुसतं धाडधाड वाचायचं. लोकांना खोटं वाटायला लागलं, म्हणून परत ठेवलं. का? चुकीच्या जागी थांबतंय का?"

"नाही. अगदी बरोबर थांबतंय."

"मग तुमचं म्हणणं काय आहे?"

वाटेत तिनं कितीतरी वाक्यं जुळवली होती. ते काढून टाका म्हणावं, तर तिथं तिचं म्हणून उरलेलं तेवढंच, तेही जाणार. राहू द्या म्हणावं, तर मग ती आली कशाला होती? नोकरी परत मागावी, तर कुणाला थांबवायची नोकरी?

"काहीतरी विचारायचं होतं," ती म्हणाली. "आता आठवत नाहीये."

त्यानं तिला पाणी आणून दिलं.

बाहेर पडताच दादांचा फोन. "भांडलीस?"

"नाही."

"बरं केलंस." मग जरा वेळानं, "भांडायला हवं होतंस गं."

दोन्ही तिला पटलं.

पुढे तिला एका दवाखान्यात काउंटरवर काम मिळालं. पेशंटचं नाव पुकारायचं, आत पाठवायचं. काम बरं आहे, माणसंही बरी आहेत. दादा काय करतात विचारलं की "चाललंय" म्हणतात.

संध्याकाळी ती घरी येते तेव्हा बातम्या चालू असतात. एकदा सासूबाईंनी विचारलं, "तुला त्रास होत असेल तर बंद करू का गं?"

"करा," ती म्हणाली. त्यांनी रिमोट उचलला तशी म्हणाली, "नको, राहू द्या." मग चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि आपण इथं कशाला आलो ते आठवत उभी राहिली.