डॉक्टर सावदेकरांची नेमणूक

वच्छला गभणेला संशोधनाची शिष्यवृत्ती दिली ती नागपूरच्या सरकारनं. पुढं राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि वच्छलाची फाईल मात्र भोपाळला जाऊन बसली. भोपाळवाले लिहीत, हा जिल्हा आता आमचा नाही. मुंबईवाले लिहीत, ही बाई आमच्या कागदांत नाही. आणि बाई इकडं गडचिरोली तहसिलीतल्या आंबेबोडीच्या तलावात कमरेपर्यंत उभी राहून माशांची पिल्लं हेरत होती.

वच्छला भंडाऱ्याच्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली तेव्हा गावात पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी आईनं विचारलं, "मग आता नोकरी कायमची का?" कायमची काहीच नव्हती. नागपूरच्या एका कॉलेजातले डॉ. सावदेकर तिचे मार्गदर्शक. त्यांच्याच खटपटीनं शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळत गेली. खटपट त्यांची खरी. पण आंबेबोडीला ते आजवर एकदाच येऊन गेले होते, तेही जोडे न काढता. तलावाच्या पाळीवरूनच "छान, छान" म्हणाले आणि दुपारच्या आत परतले.

काम मात्र सोन्यासारखं झालं होतं. वैनगंगेत धरलेली रोहू-कतल्याची पिल्लं मडक्यांत घालून दूरच्या तलावांत सोडायला नेली, की वाटेतच निम्म्याहून जास्त मरत. वच्छलानं शोधून काढलं की पिल्लं खाल्ल्या पोटी निघतात म्हणून मरतात. मडक्यातलं पाणी त्यांच्या घाणीनं नासतं. निघण्याआधी त्यांना तलावातच पातळ कापडाच्या झोळीत दाटीवाटीनं एक दिवस उपाशी ठेवलं, की पोट रिकामं होतं, गर्दीची सवय होते आणि पिल्लं प्रवासभर टुणटुणीत राहतात. ऐकायला सोपं होतं. पण तिथं पोचायला तिचे दोन पावसाळे गेले होते.

आता मुंबईहून नाडकर्णी नावाचे बडे अधिकारी पाहणीला येणार होते. काम पसंत पडलं तर आंबेबोडीला मत्स्य-संशोधन केंद्र आणि एक कायमची जागा. ही बातमी सांगायला सावदेकरांनी वच्छलाला नागपूरला बोलावलं आणि चहा पाजला. तेवढ्यावरूनच तिला काहीतरी वाईट ऐकायचंय हे कळलं.

"जागा एकच आहे," ते म्हणाले. "तिथं आमच्या प्रभाकरला घ्यावं म्हणतो. साडूचा मुलगा. हुशार आहे, फक्त पाण्याला जरा बिचकतो. तुमचं काय, तुम्ही आज ना उद्या लग्न करून जाल. आणि हो, नाडकर्ण्यांपुढं काम मी मांडीन. वजन पडतं."

वच्छला चहा अर्धा टाकून उठली.

आंबेबोडीला ती शकुबाईकडं राहत असे. शकुबाई मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरची, नवरा नसलेली, जाळं विणण्यात आणि माणसांची नक्कल करण्यात सारखीच तरबेज. वच्छलानं सगळी हकीगत सांगितली तेव्हा ती जाळ्याची गाठ मारता मारता थांबली.

"तुमी काऊन असं तोंड पाडून बसल्या जी? त्या मोठ्या साहेबाले सरळ सांगा, काम मी केलं म्हनून."

"कोण विश्वास ठेवणार? सर डॉक्टर आहेत. मी भांडकुदळ ठरेन, आणि उरलीसुरली मुदतवाढही जाईल."

"मंग डॉक्टरले तलावात ढकलू," शकुबाई म्हणाली. "म्या ढकलतो. तुमचं नाव नाई येऊ देत."

वच्छलाला हसू आलं, पण तो काही उपाय नव्हता.

उपाय सापडला तो वैनगंगेच्या मध्यावर. नाडकर्णीसाहेब सावदेकरांना बरोबर घेऊन चांद्याहून जीपनं नदीकाठी आले. नदीला पाणी भरपूर होतं आणि पलीकडं जायला दोन डोंगे. सावदेकरांनी पाण्याकडं पाहिलं, डोंग्याकडं पाहिलं आणि "मी सामानाबरोबर मागून येतो" म्हणून दुसऱ्या डोंग्याची वाट धरली. पहिल्या डोंग्यात नाडकर्णी आणि त्यांना घ्यायला आलेली वच्छला, दोघंच.

नाडकर्णी मूळचे कोकणातले. डोंग्याच्या काठावर ते घरच्या ओटीवर बसावं तसे बसले आणि बोलू लागले.

"मला एक सांगा, तळं इथं आणि शास्त्रज्ञ नागपुरात, हे कसं चालतं? आमच्याकडं तेच. बंदर रत्नागिरीला आणि तज्ज्ञ मुंबईच्या फोर्टात. मी ठरवलंय, ज्यानं काम केलं त्यालाच त्या जागी कायमचं बसवायचं. घरदार, बायकामुलांसकट. सबबी ऐकायच्या नाहीत. यापूर्वी दोघांना बसवलंय."

"मग ते राहिले का?" वच्छलानं विचारलं.

"राहतात. सुरुवातीला रडतात."

वच्छलानं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या डोंग्यात सावदेकर दोन्ही हातांनी होल्डॉलला धरून, डोळे मिटून बसले होते. तिला एक खट्याळ कल्पना सुचली. काठाला लागेपर्यंत तिनं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

गावात पोचल्या पोचल्या ती शकुबाईच्या चुलीपाशी गेली. "आज सगळं श्रेय सरांचं. माझं काहीच नाही. मोठ्या साहेबांना वाटलं पाहिजे, की सर या तलावाचा जीव की प्राण आहेत."

शकुबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. "तुमाले ताप गिप आला का जी?"

वच्छलानं डोंग्यातलं बोलणं सांगितलं. शकुबाईनं पदर तोंडात कोंबला, खांदे हलेपर्यंत हसली आणि तशीच ढिवरांच्या म्होरक्याकडं, दादाजीकडं पळाली.

दुपारी पाळीवर प्रयोग मांडला. सकाळी बैलगाडीतून शेजारच्या गावापर्यंत फिरवून आणलेली मडकी एका ओळीत ठेवली होती. खाल्ल्या पोटीच्या मडक्यांत पिल्लं पोट वर करून तरंगत होती. उपाशी पिल्लांच्या मडक्यांत पाणी नुसतं सळसळत होतं. नाडकर्णी उकिडवे बसले, मडक्यात हात घातला, आणि बोटांतून निसटणारी पिल्लं पाहून लहान मुलासारखे खूश झाले.

"शाब्बास! हे कुणाला सुचलं?"

सावदेकरांनी घसा साफ केला. "बरीच वर्षं डोक्यात होतं माझ्या. एक प्रकारची तपश्चर्याच म्हणा."

"आणि उपाशी ठेवल्यानं नेमकं होतं काय?"

"ती... शरीरातली एक गुंतागुंतीची रासायनिक क्रिया आहे," सावदेकर म्हणाले, आणि क्षितिजाकडं पाहू लागले.

"तुमचं काम काय यात?" नाडकर्ण्यांनी वच्छलाकडं वळून विचारलं.

"मी सरांच्या सांगण्यावरून मडकी धुतली," वच्छला नम्रपणे म्हणाली.

सावदेकरांनी तिच्याकडं प्रेमानं पाहिलं. इतकी समंजस विद्यार्थिनी त्यांना कधी मिळाली नव्हती.

मग दादाजी पुढं आला. "साहेब, डॉक्टर साहेबाचं का सांगू तुमाले! छातीभर पान्यात उभे रायत. जळवा लागत अंगाले. मी म्हनो, साहेब, बाहेर या. तर म्हनत, दादाजी, लागू दे, त्याइले बी पोट हाये."

सावदेकरांचा हात नकळत पोटरीकडं गेला.

"आमच्या झोपडीत जेवत," शकुबाई म्हणाली. "म्हनत, शकुबाई, नागपुरात जीव लागत नाई माहा. मरीन त इथीच मरीन."

"असं म्हणालात?" नाडकर्णी गहिवरले.

"म्हणजे... आता भावनेच्या भरात माणूस..." सावदेकर म्हणाले. त्यांना कसलीशी शंका येऊ लागली होती, पण स्तुती इतकी गोड होती की थांबवायची कशी, तेच कळेना.

शकुबाईनं वाढलेलं माशांचं कालवण आणि भात खाऊन नाडकर्णी पाळीवरच्या आंब्याखाली उभे राहिले. सगळं गाव जमलं होतं. "केंद्र मंजूर," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "आणि या केंद्राचे प्रमुख म्हणून डॉक्टर सावदेकर इथंच, आंबेबोडीत, कायमचे राहतील. मी मुंबईला पोचताच हुकूम काढतो. दिवाळीआधी बिऱ्हाड आणा, डॉक्टर."

लोकांनी एकच गिल्ला केला. दादाजीनं झेंडूचा हार सावदेकरांच्या गळ्यात घातला आणि आपला रिकामा गोठा बिऱ्हाडाला देऊ केला. "छप्पर गयते थोडं," तो म्हणाला, "पन साप दोनच हायेत, आन् ते बी ओयखीचे."

सावदेकरांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

दिवस कलायला लागला तसे ते वच्छलाला शोधत शकुबाईच्या अंगणात आले. गळ्यात हार तसाच होता.

"तुम्ही त्यांना सांगा," ते म्हणाले. "सांगा की काम तुमचं आहे."

"मी कसं सांगणार सर? मी तर आज ना उद्या लग्न करून जाणार."

सावदेकर बाजेवर बसले. हारातली झेंडूची फुलं एकेक करून तोडत राहिले. घरात शकुबाई भांडी घासत होती. हात चालत होते, कान मात्र अंगणात होते.

"माझ्या गुरुजींनी," सावदेकर अखेर हळू आवाजात म्हणाले, "माझे सगळे सुरुवातीचे निबंध स्वतःच्या नावावर छापले. मी टिपणं काढायचो, ते इंग्लंडला जाऊन वाचायचे. मला म्हणायचे, तुझीही पाळी येईल. मी म्हटलं, ठीक आहे. पाळी येईल."

वच्छलाचा राग थोडा उतरला. सूक्ष्मदर्शक कसा धरायचा ते याच माणसानं तिला शिकवलं होतं. काचेवर थेंब कसा हलकेच सोडायचा तेही. पहिल्यांदा भिंगाखाली माशाचं हृदय धडधडताना दिसलं, तेव्हा तिच्याइतकेच तेही हरखले होते.

"तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं सर?"

"वाईट," सावदेकर म्हणाले. "फार वाईट."

"मग उद्या सकाळी तुम्हीच सांगा. सगळ्यांदेखत. आणि प्रभाकरचं नाव काढू नका."

"त्याला विमा कंपनीतही जमेल," सावदेकर पुटपुटले.

सकाळी नाडकर्णी निघायच्या तयारीत होते. सावदेकर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मागं दादाजी, शकुबाई आणि निम्मं गाव.

"साहेब, एक खुलासा करायचाय. हे काम वच्छलाबाईंचं आहे. कल्पना त्यांची, प्रयोग त्यांचे, तलावात उभ्या राहिल्या त्या. जळवासुद्धा त्यांच्याच."

नाडकर्ण्यांनी चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही खोटं काल बोललात की आज?"

सावदेकर आपल्या जोड्यांकडं पाहत म्हणाले, "काल."

"मग हे सगळे लोक?"

दादाजीनं हात जोडले. "साहेब, आमी अडानी मान्सं. आमाले डॉक्टर कोन, बाई कोन, का समजते जी?"

नाडकर्णी वच्छलाकडं वळले. "उपाशी ठेवल्यानं नेमकं होतं काय, हे आता तुम्ही सांगा. रासायनिक क्रिया नको."

वच्छलानं सांगितलं. पोट, घाण, नासलेलं पाणी, गर्दीची सवय. कुठल्या तलावाच्या पाण्यात जमलं नाही आणि का जमलं नाही, तेही सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला, हात हलू लागले. कालची नम्र बाई कुठल्या कुठं गेली. नाडकर्णी मध्ये मध्ये अडवून विचारत राहिले, ती उत्तरं देत राहिली, आणि एका प्रश्नाला "हे मला अजून माहीत नाही" असंही म्हणाली. त्यावर ते खूश झालेले दिसले.

जीप नदीकाठी उभी होती. तिथवर जायला बैलगाडीत बसता बसता ते तिच्या जवळ आले. "मी डोंग्यात बडबडलो नसतो, तर काल तुम्ही काय केलं असतं?"

वच्छला लाजली. "भांडले असते साहेब."

"आणि हरला असता," नाडकर्णी म्हणाले. "मडकी मात्र छान धुता तुम्ही."

सावदेकर त्याच गाडीतून गेले. जाताना शकुबाईनं त्यांच्या होल्डॉलवर सुकवलेल्या माशांची पुडी ठेवली. "आठोन म्हनून ठेवा जी," ती म्हणाली. तिला ते जाताहेत याचं खरंच थोडं वाईट वाटत होतं. इतका मजेचा माणूस गावाला पुन्हा कधी मिळणार होता?

वच्छलाच्या नेमणुकीचा हुकूम दिवाळीआधी आला नाही. होळीला आला. केंद्र म्हणजे टिनाच्या दोन खोल्या निघाल्या, आणि मागितलेल्या सूक्ष्मदर्शकाऐवजी मुंबईहून एक भलंमोठं टेबल आलं, जे दारातून आत जाईना. मासिकात निबंध छापायची वेळ आली, तेव्हा सावदेकरांनी पत्रावर पत्रं लिहून आपलं नाव आधी घालायचा एक प्रयत्न करून पाहिलाच. वच्छलानं उत्तरात दादाजीचा गोठा अजून रिकामा असल्याचं कळवलं. निबंध तिच्या नावानं छापला गेला, खाली त्यांचे आभार होते. सूक्ष्मदर्शक पुढं त्यांनीच आपल्या कॉलेजातून पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती, पण भिंगं स्वच्छ पुसलेली होती.

हुकूम आला त्या दिवशी वच्छलानं आईला तार केली आणि ढिवरांच्या मोहल्ल्यात गूळ वाटला. दादाजी गुळाचा खडा गालात धरून कितीतरी वेळ विचार करत बसला होता.

"बाई, जागा कायमची म्हनजे किती वर्साची जी?"

"मी पंचावन्न वर्षांची होईपर्यंत."

दादाजीनं तिच्याकडं नीट पाहिलं, मग तलावाकडं पाहिलं. "मंग माह्या नातवाइले बी तुमीच वरडसान," तो म्हणाला. "आमाले म्हनता तसं, जाळं टाकलं की लहान मासा सोड, लहान मासा सोड." आणि उठता उठता त्यानं गुळाचा आणखी एक खडा घेतला.