कावळ्याचा क्लोजअप
लोकांना वाटतं, बटण दाबलं की व्हिडिओ झाला. अहो, बटण सगळ्यात शेवटी येतं. आधी उजेड बघायचा, मग आवाज, मग कॅमेरा कुठं लावायचा ते, आणि कापाकापी घरी येऊन. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात, आवाज गेला तर मात्र माझ्या सात पिढ्यांची आठवण काढतात.

हल्ली आमच्याकडे लग्न असो की दशक्रिया, कॅमेऱ्याशिवाय काही उरकत नाही. निरगुडसरच्या रखमाजींच्या दहाव्याला त्यांच्या मुलांनी मला ओतूरहून बोलावलं. थोरल्या अमृतनं बजावलं, "गोरखभाऊ, भाषणं ऱ्हायली तरी चालंल, पर पिंडाला कावळा शिवताना क्लोजअप पायजे."

गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दहावं झालं की दोघं भाऊ गाय विकणार, घराला कुलूप लावणार आणि आईला सहा-सहा महिने वाटून घेणार, चाकणला आणि भोसरीला. फक्त आईला, म्हणजे ठकूबाईंना, कुणी विचारलं नव्हतं.

नदीकाठच्या घाटावर मी पिंडाच्या जागेपासून चार हातांवर ट्रायपॉड रोवला. भाऊ उघडेबंब, म्हणून माइक खांद्यावरच्या पंच्यांना अडकवले. तीन पुढारी बोलले. प्रत्येकानं रखमाजींना दोन मिनिटं दिली आणि स्वतःला वीस. मग पिंड ठेवला.

कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. अर्धा तास गेला. कारण माझ्या ध्यानात आलं: तीन पायांचं हे काळं प्रकरण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी ते उचलायला वाकलो, तेवढ्यात ठकूबाईंनी माझी बाही धरली.

"तुझ्या यंत्राला भ्येत्यात ना रं ते?"

"व्हय मावशी, हलवतो."

"चालू हाय का ते?"

"चालू हाय."

"मंग ऱ्हाऊ दे. मी सांगन तवा हलीव."

इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग ती पुरवायचा शब्द द्यावा लागतो. धाकटा सयाजी पुढं झाला. "अण्णा, तुमच्या नावानं येशीवर कमान बांधतो." कावळे ढिम्म. अमृतनं गावजेवण कबूल केलं. एका कावळ्यानं पंख साफ करायला घेतले. ऊन चढलं, लोकांच्या पोटातही कावळे कोकलू लागले. गुरुजी वैतागले, "अहो, मनातलं बोला, मला अजून एक दहावं आहे."

अमृत पिंडापुढं हात जोडून उभा राहिला, तसा मी कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे वळवला. तो म्हणाला, "अण्णा, आयला आमी न्हेत न्हाई. ती हितंच ऱ्हाईल, तिच्या घरात. गाय बी इकत न्हाई."

"माझं बी त्येच, अण्णा," सयाजी म्हणाला.

ठकूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी ट्रायपॉड काखोटीला मारला आणि दहा पावलं मागं गेलो. तो परत रोवायच्या आतच कावळा आला, पिंडाला चोच मारली आणि उडाला. भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू?

जेवणं झाल्यावर अमृत आला. "दाखवा क्लोजअप."

मी दाखवला. पडद्यावर त्याचाच चेहरा, आवाज लख्ख: आयला आमी न्हेत न्हाई.

"आन् कावळा?"

"कावळा न्हाई घावला, भाऊ."

अमृत तापला. "मंग बोलावलं कशाला व्हतं तुमाला? कावळाच न्हाई तर काय कामाचा ह्यो व्हिडिओ?"

शेजारी बसलेल्या ठकूबाईंनी शांतपणे पदर सारखा केला.

"कावळ्याचा फोटू काय करायचाय? शबुद त्यानं न्हाई, तुमी दिलाय."