दसऱ्याच्या दिवशी उचललेला पाना

मी एक जुनी कॅडिलॅक आहे, मित्रांनो. सौदी अरेबियातल्या अल-खोबरच्या एका गॅरेजमागे लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चाकं नाहीत म्हणून हसू नका. आधी माझं घराणं ऐका.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातलं आमचं घराणं. ते शहर वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव आम्हाला मिळालं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये आमच्या तीन गाड्या पुऱ्या सुट्या केल्या, सगळे भाग मिसळले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. तिन्ही धावल्या! एकीचा भाग दुसरीला चपखल बसतो, याचा आम्हाला केवढा अभिमान! पुढे हँडल मारून इंजिन सुरू करायचा त्रासही आम्हीच संपवला. विजेचा स्टार्टर आधी आमच्यात आला.

मी जहाजातून दम्मामला उतरले आणि मुस्तफाशेठच्या घरी आले. माझी देखभाल करायचा कुडाळचा गुणाजी मेकॅनिक. मुस्तफाशेठ त्याचा कफील, म्हणजे त्याच्या नोकरीचा आणि रजेचा धनी. वाळूचं वादळ उठलं की गुणाजी स्वतःची चादर माझ्यावर घाली. तिथे उघड पूजेला बंदी, म्हणून दर दसऱ्याला तो गॅरेजचं दार लावून घेई. फुलं कुठली मिळायला? बॉनेट उघडून आत, कुणाला दिसणार नाही असं हळदीचं बोट लावी. पान्यांनाही हळद लावून फडक्यावर मांडी. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. पाना उचलायचा नाही.

"माझे बाय, तुका कोण हात लावता ता मी बघतंय!" असं म्हणून तो माझ्या बॉनेटवर थाप मारी.

मी ते खरं मानलं.

२००७ साली मुस्तफाशेठने हफ्र अल बातिनहून माझ्याच मॉडेलची दुसरी गाडी ओढून आणली. अंग चकचकीत, इंजिन मेलेलं. माझा रंग उन्हाने उडाला होता.

"गुनाजी, पुरानी गाडी खलास. इसका सामान उसमें डालो. यल्ला!"

दसरा उजाडला. गुणाजीने दार लावलं, बॉनेट उघडलं, हळदीचं बोट लावलं. मी निर्धास्त झाले. मग त्याने फडक्यावरचा पाना उचलला.

त्याच्याच खोलीत राहणारा रत्नागिरीचा हनीफ म्हणाला, "अरे, आज तरी ठेव खाली. तुमचा सण ना?"

"हनीफभाय, ह्या आठवड्यात ती गाडी सुरू झाली नाय तर कफील रजेवर सही करूचो नाय. माझ्या लेकीचा, दर्शनाचा लगीन मी हयसून बघू?"

"मग हिला हळद कशाला लावलीस? कापण्याआधी बकऱ्याला पाणी पाजतोयस काय?"

गुणाजीने पाना नटावर बसवला. एरवी काम करताना माझ्याशी अखंड बोलायचा. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आधी स्टार्टर निघाला, मग एकेक करून बाकीचं.

सगळं तिला चपखल बसलं. चार दिवसांनी ती सुरू झाली आणि माझा आवाज मी दुसरीच्या गळ्यातून ऐकला. गुणाजीने तिच्या बॉनेटवर थाप मारली. म्हणाला, "माझे बाय!"

लेकीच्या लग्नाला तो जायलाच हवा होता. पण ते मला सांगता आलं असतं.

मित्रांनो, तुमची जुनी सायकल, जुनं दप्तर कधीतरी टाकावं लागेल. तेव्हा खुशाल टाका. पण हात लावण्याआधी त्यांना खरं काय ते सांगा. खोटा धीर देऊ नका.

माझ्या बॉनेटखाली आता इंजिन नाही. हळदीचं बोट मात्र तसंच आहे.